त्रेपन्न सालचे चित्रपट आणि न फिटलेले कर्ज

परवा दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभा असताना आपल्या चळवळीतील एका तरुण साथीने मला विचारले, "सर, जन्मभर तुम्ही अर्थशास्त्र शिकवलंत आणि बोलता मात्र सिनेमावर. तुमचे आवडते चित्रपट तरी कोणते?" माझे उत्तर त्याला कोड्यासारखे वाटले. मी म्हणालो, "माझे आवडते चित्रपट एकाच वर्षातले आहेत. वर्ष १९५३." तेवढ्यात बोट लागली, मोटारी चढू लागल्या आणि बोलणे अर्धेच राहिले. ते येथे पुरे करतो.

१९५३ साली माझा जन्मही झालेला नव्हता. तेव्हा या आवडीला तरुणपणाच्या आठवणींचा गहिवर चिकटला आहे, असा आक्षेप कोणी घेऊ नये. त्या वर्षी ६ मार्चला आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' प्रदर्शित झाला. त्याच वर्षी बिमल रॉय यांचे 'दो बिघा जमीन' आणि 'परिणीता' असे दोन चित्रपट आले. झिया सरहदी यांचा 'फुटपाथ' त्याच वर्षीचा, आणि ज्याने त्या वर्षी सर्वांत अधिक गल्ला जमवला तो 'अनारकली'ही त्याच वर्षीचा. 'अनारकली'विषयी माझी तक्रार नाही. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. त्यांनी दिलेले तिचे संगीत मी आजही ऐकतो. समाजवाद्याने केवळ दुःखाचीच गाणी ऐकावीत असा ठराव आपल्या कोणत्याही अधिवेशनात झाल्याचे मला स्मरत नाही.

त्या वर्षीच्या चित्रपटांपासून आपल्या देशात राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले आणि 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र. पुढे १९५४ साली कान येथील महोत्सवात 'दो बिघा जमीन'चा आंतरराष्ट्रीय पारितोषिक देऊन गौरव झाला. म्हणजे हे दोन चित्रपट एका वर्षी जन्मले आणि एकाच व्यासपीठावर सन्मानित झाले. तथापि त्यानंतर आपण त्यांना दोन निरनिराळ्या कपाटांत ठेवले. एकावर 'मातृप्रेम' अशी चिठ्ठी लावली, दुसऱ्यावर 'वास्तववाद'. एक शाळेत दाखवायचा, दुसरा फिल्म सोसायटीत. माझे म्हणणे असे की, या दोन्ही चित्रपटांची कथा एकच आहे. ती कर्जाची कथा आहे.

'श्यामची आई' आठवली की आपल्याला काय आठवते? वनमालाबाईंचा शांत चेहरा, माधव वझे या मुलाने उभा केलेला श्याम, वसंत देसाईंचे संगीत, आईचा मृत्यू. हे सारे खरेच आहे. परंतु साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले मूळ पुस्तक समोर घ्यावे आणि पेन्सिल घेऊन कर्ज, व्याज, सावकार, वसुली, जप्ती हे शब्द जेथे जेथे येतात तेथे खुणा कराव्यात. मी हा उद्योग केला आहे. जसजसे पुस्तक शेवटाकडे सरकते तसतशा खुणा दाट होत जातात. त्यात एक संपूर्ण प्रकरणच असे आहे की, त्यात कर्जाला जिवंतपणीचा नरक मानले आहे. श्यामची आई रोगाने मेली हे वैद्याचे निदान झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिसते ते असे की, आधी घराचे उत्पन्न घटले, मग वाटणी झाली, मग व्याज मुद्दलाच्या पुढे धावू लागले, मग सावकाराचा माणूस ओटीवर येऊन घरच्या बाईला ऐकू जाईल असे बोलू लागला, मग घरावर जप्ती आली, आणि या साऱ्याचा अखेरचा आघात त्या घरातील जी व्यक्ती सर्वांत कमी खात होती तिच्यावर झाला. गुरुजींच्या आई १९१७ साली गेल्या. घराच्या हिशेबात त्यांचे नाव कोठेही नव्हते, पण तूट त्यांनीच भरून काढली.

आणि आपण काय केले? गुरुजी तर आपलेच. ज्या राष्ट्र सेवा दलावर त्यांनी जीव लावला त्याच्या शिबिरांतून, ११ जूनला आणि २४ डिसेंबरला, आपण हा चित्रपट शेकडो वेळा दाखवला. पोरे रडली, शिक्षक रडले, आपणही रडलो. दिवे लागल्यावर एखादा वक्ता उठला आणि आईच्या संस्कारांवर बोलला. त्या सावकाराने शेकडा किती दर लावला होता, असा प्रश्न कोणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही. आज तर अशी वेळ आली आहे की, ज्यांना गुरुजींच्या विचाराशी काडीचेही कर्तव्य नाही अशी मंडळीसुद्धा 'श्यामची आई'चे संस्कारवर्ग भरवतात. त्यांना हे जमते, कारण कर्ज वजा करून उरलेली आई कोणालाही चालते. ती वजाबाकी प्रथम आपण केली, हे मान्य केले पाहिजे.

मला हे कोणी शिकवले ते सांगतो. १९६९-७० च्या सुमाराची गोष्ट असावी. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरे धोतर बांधून 'श्यामची आई' दाखवला गेला. मध्येच रीळ तुटे, मग अंधारात पोरांचा गलका होई. आमची आजी खोताच्या घरची. जप्तीचा प्रसंग आला तेव्हा ती पदर तोंडात धरून रडू लागली. शेजारी आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबलेली एक कुणबी म्हातारी बसली होती. ती रडली नाही. पाहत राहिली, आणि मग कोणाला उद्देशून नव्हे अशा बेताने म्हणाली, "खोताच्या घरावर जप्ती आली म्हनून सगली रडतायत. आमचा भात खल्यावरनं उचलून नेत हुते, तवा कोन रडला?" आजीने ते ऐकले. ती काहीच बोलली नाही, पण रडणे थांबले. घरी परतताना कंदील धरून त्या दोघी पुढे-मागे चालत होत्या, हे मला आजही दिसते.

पालगड आणि दाभोळ ही एकाच दापोली तालुक्यातील गावे. गुरुजींचे वडील सदाशिवराव खोतीचे काम पाहत, हे गुरुजींनी कधी लपवले नाही. कोकणाबाहेरील वाचकांसाठी सांगायचे तर, खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीचा धनी. सरकारात भरायचा सारा ठरलेला, कुळाकडून घ्यायचे मात्र त्याच्या मर्जीवर. अर्धेलीच्या कुळाला पिकल्या भाताचा अर्धा वाटा खळ्यावरच सोडावा लागे. वेठ वेगळी. गुरुजींचे घर हे या व्यवस्थेतील पडते घर होते. कुळाकडून येणारे आटले, पण खोतपणाची इभ्रत आटली नाही, आणि ती राखण्यासाठी कर्ज काढावे लागले. म्हणजे खोतही अखेर सावकाराचे कूळच झाला. हे दुःख खरे आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र त्या खोताचे जे कूळ होते त्याचे दुःख पडद्याच्या मध्यभागी कधी येत नाही. म्हातारीची तक्रार तेवढीच होती आणि ती रास्त होती. चित्रपट आला त्याच्या तीनच वर्षे आधी, १९५० मध्ये, खोती नाहीशी करणारा १९४९ चा कायदा अमलात आला होता. ज्या व्यवस्थेला कायद्याने नुकतेच मूठमाती दिली होती तिच्या पडत्या खांबासाठी महाराष्ट्र रडला. खांबाखाली कोण दबले होते ते पाहण्यासाठी त्याच वर्षीचा दुसरा चित्रपट पाहावा लागतो.

'दो बिघा जमीन'चा शंभू महातो हे ते कूळ आहे. कथा सलील चौधरी यांची, पटकथा हृषिकेश मुखर्जी यांची, आणि शंभू म्हणजे बलराज साहनी. दोन बिघे जमीन म्हणजे बंगालच्या मापाने एकराचे दोन तृतीयांश, आपल्या भाषेत सव्वीस-सत्तावीस गुंठे. कोकणातल्या माणसाला हा आकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जमीनदाराला गिरणी उभारणाऱ्यांना सलग जागा द्यायची आहे, आणि ही दोन बिघे मध्ये येतात. शंभू विकत नाही म्हटल्यावर जमीनदार कर्ज मागतो. शंभूच्या हिशेबाने ६५ रुपये. तो घरातले किडूकमिडूक विकून तेवढे घेऊन जातो. जमीनदाराच्या वहीत निघतात २३५ रुपये.

येथे मी वर्गात थांबत असे. शेकडा पंचवीस दराने चक्रवाढ व्याज धरले तर ६५ चे २३५ व्हायला सहा वर्षेही लागत नाहीत. हा दर ऐकून मुले चमकत. त्यांच्या आजोबांना विचारले असते तर ते चमकले नसते. आपल्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत: व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही. त्या नियमाने ६५ चे फार तर १३० व्हायचे. मग सावकार काय करी? दर दोन-तीन वर्षांनी कागद फिरवी. थकलेले व्याज नव्या कागदात मुद्दल म्हणून लिहिले जाई आणि दामदुपटीचा काटा पुन्हा शून्यावर येई. चित्रपटातील जमीनदार इतकाही त्रास घेत नाही, तो सरळ खोटा हिशेब मांडतो. न्यायालयात अंगठ्याचा कागद बोलतो, शंभू बोलला तरी त्याचे कोणी ऐकत नाही. तीन महिन्यांची मुदत मिळते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद का जाळले, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हा एक प्रसंग पाहावा.

हे चित्रपट तयार होत होते त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी चालू होती. गोरवाला समितीची ती पाहणी १९५१-५२ ची, अहवाल १९५४ चा. धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी जवळजवळ सत्तर रुपये धंदेवाईक आणि शेतकरी सावकारांकडून आलेले होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१, सरकारचा ३.३, व्यापारी बँकांचा एक रुपयाहूनही कमी. मी हे आकडे पंचवीस-तीस वर्षे फळ्यावर लिहिले. मुले ते उतरवून घेत आणि विसरत. ज्या वर्षी मी आकड्यांच्या आधी शंभूची गोष्ट सांगितली त्या वर्षी ते विसरले नाहीत.

'दो बिघा जमीन' मी प्रथम पाहिला तो १९८२ साली, लालबागच्या एका चाळीत. मी तेव्हा मुंबईत एम.ए. करीत होतो आणि आमच्याकडच्या चाकरमान्यांच्या खोलीत उतरलो होतो. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू झालेला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. एका रविवारी संध्याकाळी शेजारच्या खोलीतील दूरदर्शन संचासमोर चाळीस-पन्नास माणसे दाटीने बसली होती. शंभू पैसे मिळवायला कलकत्त्याला जातो, रिक्षा ओढू लागतो, तशी त्या खोलीत कुजबुज बंद झाली. रत्नागिरी जिल्ह्याचे शंभर वर्षांचे अर्थकारण म्हणजे हाच प्रवास. जमीन पोट भरत नाही, ती राखायची म्हणून माणूस आगबोटीने मुंबईला जातो आणि मनीऑर्डर पाठवतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. हा आकडा स्त्रियांच्या सन्मानाचा म्हणून काही जण मिरवतात. तो वस्तुतः गावात नसलेल्या पुरुषांचा आकडा आहे. चित्रपट संपल्यावर आमच्या गावचा एक साचेवाला म्हणाला, "ह्याची जमीन गेली म्हणून हा मेला. आमची आहे म्हणून आम्ही संपात टिकलोय." ते शब्दशः खरे होते. त्या काळात हजारो कामगार गावी परतले आणि गावच्या भातावर त्यांनी संप ओढला. शंभू शहरात राबून जमीन वाचवू पाहत होता. येथे उलट, जमीन शहरातला संप वाचवीत होती. या दृष्टीने मी पुढे बरेच वाचले, पण मूळ सूचना त्या साचेवाल्याची.

या चित्रपटातही मला खटकणारे आहे. कलकत्त्यातील उत्तरार्धात अपघातांवर अपघात येतात. बायको गाडीखाली सापडते, नेमका शंभूच तेथे येतो. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात बिमल रॉय यांनी डी सिका यांचा सायकलचोरांवरील इटालियन चित्रपट पाहिला आणि ते भारावून गेले, हे प्रसिद्ध आहे. पण डी सिकांचा संयम शेवटच्या भागात त्यांना पेलला नाही. याहून मोठी उणीव राजकीय आहे. शंभू एकटा आहे. गावात दुसऱ्या कोणाची जमीन गेली नाही काय? कोणी सभा घेतली नाही काय? आमच्या शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत, सहा वर्षे, जमिनी पडीक ठेवून संप केला. बालपणीची काही वर्षे दापोलीत काढलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. म्हणजे शंभू पडद्यावर येण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी कोकणातला शंभू संघटित झाला होता. त्याच्यावर त्रेपन्न साली कोणी चित्रपट काढला नाही. काढला असता तर बहुधा सेन्सॉरनेच प्रशस्तिपत्र दिले असते, कात्रीचे.

शेवट मात्र अविस्मरणीय आहे. जमीन लिलावात गेलेली असते, तिच्यावर गिरणी उठू लागलेली असते. शंभू कुंपणाबाहेरून मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही खाली टाकायला लावतो. आमच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरकडे, गेल्या शतकाच्या अखेरीस वीज प्रकल्प उभा राहिला तेव्हा मला हा शेवट फार आठवे. नाव आमच्या दाभोळचे, जमीन पलीकडच्यांची. २००१ साली तो बंद पडला, २००५ नंतर सरकारी कंपन्यांच्या हाती गेला. चित्रपटातील गिरणी निदान चालली असेल, असे आपण समजतो.

'परिणीता' आणि 'फुटपाथ' यांविषयी थोडक्यात. शरदबाबूंच्या 'परिणीता'ला सारे प्रेमकथा म्हणतात. पण ललितेच्या मामाचे घर शेखरच्या बापाकडे गहाण आहे, आणि त्या गहाणखताची सावली त्या दोघांच्या प्रेमावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पडलेली आहे. मीनाकुमारीने ती सावली न बोलता दाखवली. 'फुटपाथ'मध्ये दिलीपकुमार गरीब पत्रकारातून काळाबाजारवाला होतो, औषधे दडवतो, आणि साथीत त्याचाच भाऊ औषधावाचून जातो. भाषणे फार आहेत, पण टंचाई निसर्ग निर्माण करतो की गुदाम, हा प्रश्न इतक्या सरळपणे हिंदी पडद्यावर क्वचितच विचारला गेला आहे. एका वर्षी चार चित्रपट, आणि त्यांतील तिघांत घर किंवा जमीन कागदावर गेलेली. नवस्वतंत्र देश आपल्या अंगावरचे कर्ज मोजत होता.

ते फिटले काय? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या कर्जापैकी ६६ टक्के संस्थात्मक निघाले. बिगरसंस्थात्मक कर्ज चौतीस टक्क्यांवर आले, ही प्रगती मी नाकारत नाही. सहकारी चळवळीचेही त्यात श्रेय आहे. परंतु 'संस्थात्मक' या शब्दात आता गटाला कर्ज देणाऱ्या खाजगी वित्तकंपन्याही मोडतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली त्यांच्या व्याजदरावरील कमाल मर्यादा काढून टाकली. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक हप्त्यांत जाऊ नये, एवढे बंधन ठेवले. ज्या घरचे उत्पन्न मासळीच्या जाळ्यावर आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर आहे त्याचे मासिक उत्पन्न कोण मोजतो? वसुलीला येणारा आता लाठी घेऊन येत नाही. इस्त्रीचा सदरा आणि मोबाइल घेऊन येतो, आणि दहा बायकांना ओटीवर बसवून ठेवतो. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या नऊजणी तिच्याकडे पाहतात. सावकाराला जे जमले नव्हते ते या पद्धतीने जमले: कर्जदारालाच कर्जदारावर पहारेकरी नेमले.

म्हणून मी आमच्या तालुक्यातील साथींना सुचवले की, या वेळच्या २४ डिसेंबरच्या निमित्ताने 'श्यामची आई' एकटा दाखवू नये. आदल्या संध्याकाळी 'दो बिघा जमीन' दाखवावा, दुसऱ्या संध्याकाळी 'श्यामची आई', आणि नंतर भाषण ठेवू नये. एक फळा ठेवावा आणि आलेल्या बायकांना आपापल्या गटाचे मुद्दल, दर आणि आजवर भरलेले हप्ते त्यावर लिहायला सांगावे. बेरीज मी करीन. निवृत्त माणसाला एवढे काम झेपते. या मांडणीला गुरुजींची हरकत असती असे मला वाटत नाही. खानदेशातील शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्याच्या सुटीसाठी गावोगाव फिरलेला तो माणूस होता. केवळ रडवणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता.

दिवस ठरवायला आम्ही मोहल्ल्यातल्या आणि कोळीवाड्यातल्या बायकांना विचारले. पहिली संध्याकाळ आम्ही मंगळवार धरली होती. त्यावर एक जण म्हणाली, "मंगळवार नको, सर. त्या दिवशी हप्त्याचा माणूस येतो, उशिरापर्यंत बसतो." मग बुधवार आणि गुरुवार ठरवले.